आमची वाटचाल : टेस्ट लॅम्पपासून ऑसिलोस्कोपपर्यंत

गाडीचा सेल्फ, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि वायरिंग या कामांवर आमचं वर्कशॉप उभं राहिलं. तेव्हाच्या गाडीत एका बटणाला एक वायर, एका दिव्याला एक वायर असा सरळ हिशोब होता. टेस्ट लॅम्प, म्हणजे करंट आहे का ते दाखवणारा छोटा दिवा, घेऊन वायर धरून जायचं, जिथे करंट थांबला तिथे दोष.

मग इंजिनला कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे छोटा कॉम्प्युटर, आलं, पाठोपाठ एबीएसला (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेला), एअरबॅगला, गिअरबॉक्सला, स्टिअरिंगला. ही सगळी मॉड्यूल्स पीळ दिलेल्या दोन वायरींवर एकमेकांशी बोलू लागली. बॉश कंपनीने ही कॅन पद्धत १९८६ मध्ये जाहीरपणे मांडली. लाइन शांत असताना दोन्ही वायरी अडीच व्होल्टच्या आसपास असतात. कोणी बोलू लागलं की 'हाय' नावाची वायर साडेतीनकडे चढते, 'लो' नावाची दीडकडे उतरते, आणि हे सेकंदाला लाखो वेळा. तिथे टेस्ट लॅम्पचा काही उपयोग नाही.

आम्ही मॉड्यूल्सनी नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर घेतला. मात्र आमचं काम खऱ्या अर्थाने बदललं ते यू-कोडकडे, म्हणजे मॉड्यूल्सचा आपसातला संपर्क तुटल्याच्या कोडकडे, बघण्याची दृष्टी बदलल्यावर. स्कॅनरवर यू०१२१ आला, म्हणजे एबीएस मॉड्यूलशी संपर्क तुटला. अनेक ठिकाणी लगेच एबीएस मॉड्यूल बदललं जातं. पण हा कोड एबीएसने स्वतः लिहिलेला नसतो. त्याच्याकडून निरोप येईना म्हणून दुसऱ्या मॉड्यूलने नोंदवलेली ती तक्रार असते. गप्प बसलेल्याचा फ्यूज गेला असेल, अर्थ (करंट बॉडीमार्गे बॅटरीकडे परत नेणारी जोडणी) सुटली असेल, वायर तुटली असेल, किंवा बॅटरी इतकी उतरली असेल की सेल्फ मारताना मॉड्यूल क्षणभर बंद पडत असेल. चौकशी न करता मॉड्यूल बदलणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

म्हणून तक्रार कोणाकोणाची आहे आणि कोणाची नाही, हे आम्ही आधी बघतो. सगळेच एकाबद्दल बोलत असतील तर त्या मॉड्यूलची पॉवर, अर्थ आणि त्याच्याकडे जाणारा फाटा तपासायचा. सगळेच गप्प असतील तर मुख्य लाइन. बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या, म्हणजे स्कॅनर जोडायच्या सॉकेटच्या, ६ आणि १४ नंबरच्या पिनमध्ये रेझिस्टन्स मोजायचा. लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात, म्हणून मीटरवर ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय. शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. मधे गेटवे (वेगवेगळ्या लाइन्समध्ये निरोप पोचवणारं मॉड्यूल) असलेल्या गाडीत मात्र सॉकेटवरचं हे माप फक्त गेटवेपर्यंतचं असतं. पुढच्या लाइन्स वेगळ्या मोजाव्या लागतात, आणि त्यासाठी त्या गाडीचं वायरिंग डायग्राम समोर हवंच.

एका गाडीने आमच्या धंद्याची दिशा ठरवली. जोरात ब्रेक दाबला की डॅशबोर्डच्या मीटरवरचे निम्मे दिवे लागायचे, थोड्या वेळाने विझायचे. एबीएस युनिट आधीच एकदा बदलून झालं होतं. रेझिस्टन्स ६० ओहम, फ्यूज ठीक, अर्थही मल्टिमीटरवर ठीक. मग आम्ही दोन्ही वायरींवर ऑसिलोस्कोप, म्हणजे क्षणाक्षणाच्या व्होल्टेजचा ग्राफ दाखवणारं यंत्र, लावला. एबीएसचा पंप फिरू लागला की फक्त एबीएसचे निरोप, हाय आणि लो दोन्ही, एकदम वर उचलले जात होते. म्हणजे त्याची अर्थच वर चढत होती. बॉडीवरच्या अर्थच्या बोल्टखाली गंज होता. मल्टिमीटरच्या किरकोळ करंटला तो अडवत नव्हता, पंपाच्या करंटला अडवत होता. नवं युनिटही त्याच अर्थवर बसवलेलं, मग फरक पडणार कुठून? तेव्हापासून अर्थ तपासताना आमच्याकडे हेडलाइटचा बल्ब लोड म्हणून लावतात आणि व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट कमी होतात ते, मोजतात.

बोल्ट घासायला फार वेळ लागत नाही. तो बोल्ट शोधायला लागणारी वेळ मोठी. म्हणून आम्ही निदानाची फी दुरुस्तीपासून वेगळी केली आणि गाडी आत घेण्याआधीच सांगू लागलो. काही गिऱ्हाइकं तिथूनच परत गेली. पण जी थांबली त्यांना दोष सापडला त्या जागेचा फोटो, आधीचा आणि नंतरचा ग्राफ असा लेखी रिपोर्ट मिळू लागला. हळूहळू इतर गॅरेजवाले स्वतःच गाड्या पाठवू लागले. आम्ही मॉड्यूल विकत नाही, फक्त दोष कुठे आहे ते सांगतो, हे कळल्यावर त्यांचा विश्वास वाढला. गिऱ्हाईक त्यांचंच राहतं.

नवीन मुलांना शिकवायला भंगारातल्या गाडीचा डॅशबोर्डचा मीटर, ईसीयू (इंजिनचं कंट्रोल मॉड्यूल) आणि आणखी काही मॉड्यूल्स एका फळीवर जोडून ठेवली आहेत. रोज कोणीतरी त्यात गुपचूप एक दोष घालतो: वायर सैल करतो, जास्तीचा रेझिस्टर लावतो, कपलरची (वायरी जोडणाऱ्या प्लगची) पिन मागे ढकलतो. १२० ओहमचा जास्तीचा रेझिस्टर लावला की मल्टिमीटरवर ६० ऐवजी ४० ओहम दिसतात, आणि हे मुलं एकदा स्वतः पाहतात तेव्हा विसरत नाहीत. दोष कुठे आहे हे मोजमापासह सांगता येईपर्यंत गिऱ्हाइकाच्या गाडीचा कपलर त्यांना उघडू देत नाही. हात आणि डोकं दोन्ही तयार झालेली ही मुलं हीच आमची खरी कमाई आहे.

आता कॅन एफडी (कॅनचीच जास्त वेगाची पुढची आवृत्ती) आणि इथरनेट (कॉम्प्युटर नेटवर्कमधली पद्धत) असलेल्या गाड्या येतात. जुना स्कोप कॅन एफडीच्या वेगाला कमी पडू लागला, म्हणून यावेळी नफ्यातला मोठा वाटा नवीन स्कोपसाठी बाजूला काढला आहे. मुलांना शिकवायची पुढची फळी कॅन एफडीच्या लाइनची बनवतो आहोत.