आवाज बंद करून पाहिलेला तास

बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाच्या रसायनशास्त्राचे रेकॉर्ड केलेले तास. शिकवणं मराठीतून, संज्ञा बहुतेक इंग्रजी, फळ्यावरची समीकरणं रोमन लिपीत. अशा पन्नास मिनिटांच्या तासांना मराठी कॅप्शन लावायचं काम मी करते. ते कसं होतं आणि कुठे अडतं, ते इथे लिहिते आहे.

मशीन आता बरंचसं लिहून देतं. अडचण तिथेच आहे. मशीनचा मजकूर वाचायला इतका सुरळीत असतो की चूक डोळ्यांत खुपत नाही. सर 'एन्थॅल्पी' म्हणतात (क्रियेतल्या उष्णतेचा हिशेब, चिन्ह एच), पडद्यावर 'एन्ट्रॉपी' येतं (विस्कळीतपणाचं माप, चिन्ह एस) आणि वाक्य व्याकरणात चोख बसतं. ऐकू येणारा विद्यार्थी आवाजावरून मनातच दुरुस्ती करून घेतो. ज्याला ऐकू येत नाही, तो वहीत एन्ट्रॉपी लिहितो.

कामाची सुरुवात वर्गात होते, संगणकावर नव्हे. कॅमेऱ्याचा किंवा लॅपटॉपचा माइक वापरला तर पंखा, बाकांची करकर आणि वर्गातला घुमारा हे सगळं आवाजात मिसळतं. कॉलरचा माइक लावा, हनुवटीपासून वीतभर खाली. ओळखपत्राची दोरी त्यावर आपटत असेल तर तेवढा तास ती खिशात जाऊ दे. पदराला किंवा ओढणीला माइक लावला की प्रत्येक हालचालीला खरखर येते, त्यामुळे तो कडक काठाला किंवा कॉलरलाच हवा. आवाजाची सर्वांत उंच टोकं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहिली म्हणजे पुरे. शून्याला भिडलेला आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज पुढे कशानेही शिवता येत नाही.

शिकवणाऱ्यांना मी दोनच विनंत्या करते. विद्यार्थ्याचा प्रश्न उत्तराआधी स्वतः एकदा म्हणावा, कारण मागच्या बाकावरचा आवाज माइकपर्यंत पोचत नाही. आणि 'हे इथून इकडे गेलं' असं न म्हणता 'इलेक्ट्रॉन सोडियमकडून क्लोरिनकडे गेला' असं म्हणावं. पहिली विनंती चटकन अंगवळणी पडते. दुसरी पडत नाही. मग चौकोनी कंसात [फळ्यावरचं दुसरं समीकरण] असं भरावं लागतं.

कॅप्शन लावण्याआधी व्हिडिओची कापाकापी पूर्ण झालेली हवी. सुरुवातीची हजेरी, मधलं प्रोजेक्टरचं रखडणं, शेवटची सूचना, काय काढायचं ते आधीच काढा. मागाहून कुणी महाविद्यालयाचं बोधचिन्ह असलेली आठ सेकंदांची पट्टी पुढे जोडली तर सगळी कॅप्शनं आठ सेकंद आधी येतात. हे एका आज्ञेत दुरुस्त होतं. मधले चार तुकडे कापले असतील तर मात्र प्रत्येक कापानंतर वेगळं सरकवावं लागतं आणि अख्खी दुपार त्यात जाते.

मग एफएफएमपेग या प्रोग्रॅमने व्हिडिओतला आवाज वेगळा काढते: मोनो, १६ किलोहर्ट्झ, वेव्ह फाईल. पंख्याची घरघर असेल तर ऑडॅसिटी या आवाज सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापते. नॉइज रिडक्शन मात्र बेताचंच. ते जास्त झालं की 'स', 'श', 'फ' यांचा फुसफुसता भाग खाल्ला जातो. कानाला स्वच्छ वाटतं, पण मशीनच्या चुका वाढतात.

लिहून घ्यायला मी व्हिस्पर वापरते, लार्ज मॉडेल. छोटी मॉडेलं वेगवान आहेत, पण त्यांच्या हातात मराठीचं हिंदी होतं: 'आहे'चं 'है', 'काळा'चं 'काला'. चांगलं ग्राफिक कार्ड असलं तर पन्नास मिनिटांचं काम दहा-पंधरा मिनिटांत उरकतं. साध्या लॅपटॉपवर रात्री लावून झोपावं.

यात तीन गोष्टी हमखास फसतात. पहिली भाषेची. भाषा सांगितली नाही तर व्हिस्पर पहिल्या ३० सेकंदांवरून ती ठरवतं. सरांनी 'गुड मॉर्निंग एव्हरीवन, प्लीज सायलेंट युअर फोन्स' अशी सुरुवात केली की ते तासाला इंग्रजी समजतं आणि पुढचं मराठी बोलणं इंग्रजीत उलथून टाकतं. त्यामुळे मराठी असं आधीच बांधून द्यायचं. दुसरी शांततेची. सर दीड मिनिट फळ्यावर लिहीत असतात, कुणी बोलत नसतं, तेव्हा मशीन रिकाम्या जागी मनानेच 'धन्यवाद' घालतं किंवा आधीची ओळ वीस वेळा छापतं. मागचा मजकूर पुढच्या तुकड्याला पुरवायचा नाही, असा एक पर्याय असतो. तो निवडला की हा पाढा बहुतेक थांबतो.

तिसरी गोष्ट या उपायातूनच निघते. संज्ञांची यादी सुरुवातीला द्यायची सोय आहे. 'एन्थॅल्पी, एन्ट्रॉपी, गिब्ज, ॲडियाबॅटिक' असे शब्द दिले की ते बरे उमटतात. पण मागचा मजकूर पुरवणं बंद केलं की मूळ व्हिस्परमध्ये एरवी ही यादी पहिल्या तुकड्यापुरतीच उरते. शिवाय यादीला २२४ टोकनांची, म्हणजे मशीन शब्दाचे जे बारीक तुकडे करतं त्यांची, मर्यादा आहे आणि देवनागरी शब्द टोकनं भराभर खातो, तेव्हा थोडेच शब्द मावतात. मी शांततेचा बंदोबस्त करते आणि संज्ञा हाताने दुरुस्त करते. वीस वेळा छापलेली ओळ निदान दिसते तरी, पण तिच्याखाली दडपलेलं खरं वाक्य ऐकून परत लिहावं लागतं. ते नको.

खरा वेळ जातो तो दुरुस्तीत. पन्नास मिनिटांच्या तासाला अडीच ते तीन तास. मी सबटायटल एडिट वापरते. फुकट आहे, आवाजाच्या लाटेचं चित्र दिसतं, कळफलकावरून थांबता-पळवता येतं. सगळ्या चुका सारख्या महत्त्वाच्या नसतात. 'केलं'चं 'केल' झालं तर वाचणारा चालवून घेतो. तीन ठिकाणी मात्र मी आवाज पुन्हा पुन्हा ऐकते: नकार, चिन्ह आणि आकडे.

नकार असा निसटतो. सर भरभर म्हणतात, 'ही रिॲक्शन आपोआप उलट होत नाय.' शेवटचा 'नाय' श्वासात विरतो आणि कागदावर येतं, 'ही रिॲक्शन आपोआप उलट होते.' चिन्हाचंही तसंच. पाण्याच्या निर्मितीची एन्थॅल्पी उणे २८५.८ किलोज्यूल प्रति मोल. 'मायनस' गळला की उष्णता बाहेर टाकणारी क्रिया उष्णता शोषणारी होऊन बसते. सुदैवाने फळ्यावर उणे चिन्ह असतं, म्हणून आकडा आला की मी व्हिडिओ थांबवून फळा बघतेच.

मराठी आकडे म्हणजे स्वतंत्र डोकेदुखी. 'दोनशे अठ्ठ्याण्णव केल्विन'चं 'दोनशे अठ्ठावन्न केल्विन' होतं, 'एकोणसत्तर'चं 'एकोणसाठ'. पंचवीस अंश सेल्सिअस म्हणजे २९८ केल्विन हे माहीत असणाऱ्याला ते लगेच खटकतं, दुरुस्ती करणारा वाणिज्य शाखेचा असेल तर नाही. त्यामुळे विषय येणारा माणूस दुरुस्तीच्या शेवटी लागतोच. मी ज्यांचा तास असेल त्यांना अख्खा मजकूर देत नाही, कारण तो वाचला जात नाही. शंका असलेल्या ओळी, त्यांची वेळ आणि दोन पर्याय एवढा एक कागद देते. वीस मिनिटांत परत येतो.

आकडे लिहायचे कसे, यासाठी नियम एकच ठेवला आहे: फळ्यावर जसं आहे तसं. तोंडी 'अडीच मोल' आणि फळ्यावर दशांशात असेल तर कॅप्शनमध्येही दशांशात. 'अडीच तास उकळा' असं नुसतं बोलण्यात आलं तर अक्षरी 'अडीच'. समीकरण बोललं जातं तेव्हा उच्चार लिहीत नाही, समीकरणच लिहिते.

बोलीला हात लावत नाही. 'केलेलं'चं 'केलेले' करून पुस्तकी मराठी बनवायची खोड आपल्याला असते. ओठांची हालचाल बघून वाचणाऱ्याला त्याने अडथळाच होतो. पालुपदाचे शब्द तेवढे काढते, म्हणजे प्रत्येक वाक्यामागचं 'काय?', 'ओके?'. पण 'हे परीक्षेला येतं हं' मधला 'हं' ठेवते! हाक मारलेल्या विद्यार्थ्याचं नाव लिहीत नाही, [विद्यार्थिनी] एवढंच. आणि फळ्यावरचं लिखाण लांबलं तर [शांतता, फळ्यावर लेखन] असं टाकते; नाहीतर बघणाऱ्याला वाटतं कॅप्शनच बंद पडली.

ओळींची लांबी हा भाग इंग्रजी नियमांवर सोडून चालत नाही. एका ओळीत ४२ अक्षरं असा संकेत सगळीकडे सापडतो आणि सॉफ्टवेअर तो इमानेइतबारे मोजतं. पण ते काय मोजतं? 'विद्यार्थ्यांच्या' हा शब्द डोळ्याला चार अक्षरांचा: वि, द्या, र्थ्यां, च्या. सॉफ्टवेअर काना, वेलांटी, हलन्त, अनुस्वार सगळं वेगळं धरतं आणि सतरा मोजतं. परिणामी निम्मी कॅप्शनं लाल रंगात दिसतात आणि माणूस वैतागून धोक्याची सूचनाच बंद करतो. मी शब्दांवर जाते: ओळीला सहा-सात शब्द, दोनच ओळी, पडद्यावर किमान एक आणि फार तर सात सेकंद. मग मोबाईल आडवा धरून बघते. तो शेवटचा न्याय.

ओळ तोडायची ती अर्थाच्या सांध्यावर. 'उष्णता बाहेर पडते' ही एक ओळ, 'म्हणून डेल्टा एच ऋण येतो' ही दुसरी. 'पण', 'की', 'म्हणून' खालच्या ओळीत जातात. 'च्या', 'मुळे', 'साठी' आपल्या शब्दाला चिकटून राहतात.

वेळ चुकत असेल तर आधी चूक कोणत्या जातीची ते बघा. पहिल्या मिनिटाला दोन सेकंद आणि शेवटीही दोनच सेकंद फरक असेल तर सगळं सरकवलं की झालं. सुरुवातीला बरोबर आणि शेवटी तीन सेकंद मागे-पुढे असेल तर फ्रेमच्या वेगाचा घोळ आहे. सेकंदाला ३० फ्रेम आणि २९.९७ फ्रेम यांतला फरक क्षुल्लक दिसतो, पण तासाला ३.६ सेकंद होतो, म्हणजे पन्नास मिनिटांना बरोबर तीन. तिथे सुरुवातीची आणि शेवटची अशा दोन ओळी जागेवर बसवून मधलं प्रमाणात ताणायचं. मोबाईलवर केलेलं रेकॉर्डिंग तर फ्रेमचा वेग मध्येच बदलतं. ते कापाकापीच्या आधीच स्थिर वेगात रूपांतरित करून घेते.

फाईल एसआरटी या कॅप्शनच्या साध्या प्रकारात, साठवण यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे देवनागरी टिकवणाऱ्या सांकेतिकीत. नोटपॅडमध्ये 'एएनएसआय' निवडलं गेलं की सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत फिरत नाहीत. दोन कॅप्शनांमध्ये एक ओळ रिकामी हवी, कॅप्शनच्या पोटात मात्र रिकामी ओळ नको. 'सगळे आकडे देवनागरी करा' अशी एकगठ्ठा आज्ञा देऊ नका. वेळेचे आकडेही देवनागरी होतात आणि प्लेअर फाईल वाचतच नाही. मूडल या ऑनलाईन वर्गाच्या साइटवर व्हीटीटी हा दुसऱ्या प्रकारची फाईल लागते: तिच्यात पहिल्या ओळीत फाईलच्या प्रकाराचं नाव आणि सेकंदांनंतर स्वल्पविरामाऐवजी टिंब. रूपांतर सबटायटल एडिटमध्येच होतं. यूट्यूबवर भाषा मराठी निवडून 'वेळेसह' असा पर्याय घ्यायचा.

'ॲसिड'मधला 'ॲ' दोन प्रकारे टाईप होतो: एक अखंड अक्षर, दुसरा 'अ'वर चंद्र. दिसायला जवळजवळ सारखे, पण शोधताना एक सापडतो, दुसरा नाही. सगळीकडे एकच ठेवा. 'दऱ्या' आणि 'दर्या'ही एकदा शोधून बघा, मशीन 'ऱ्या'मधला र विसरतं.

कॅप्शन चित्रात कायमची भाजून द्या, अशी मागणी नेहमी येते, व्हॉट्सॲपवर पाठवायला सोपं म्हणून. मी शक्यतो देत नाही. भाजलेली कॅप्शन मोठी करता येत नाही, तिच्यात शोधता येत नाही, एक चूक सापडली तर अख्खा व्हिडिओ नव्याने काढावा लागतो. शिवाय अक्षरं जोडणारी यंत्रणा नसलेल्या साधनात पहिली वेलांटी अक्षरानंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी पडतात. द्यावीच लागली तर नोटो सान्स देवनागरी फाँट वापरून 'क्षितिज', 'र्‍हास', 'ॲसिड' हे तीन शब्द आधी तपासते.

हे सगळं जुन्या साठ्याला लावायचं म्हटलं की आकडा छातीवर बसतो. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठाने न्याय खात्याच्या २०१६ च्या पत्रानंतर (ही रेकॉर्डिंग दिव्यांगांना नीट वापरता येत नाहीत, असं त्यात म्हटलं होतं) २०१७ मध्ये वीस हजारांहून जास्त खुली रेकॉर्डिंग सार्वजनिक वापरातून काढून घेतली. त्यांना कॅप्शन लावत बसण्यापेक्षा ते सोपं वाटलं. आपल्याकडे दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, आणि वेबच्या सुगम्यता निकषांत रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओला कॅप्शन ही अगदी तळाची, 'ए' पातळीची अट आहे. जुन्या साठ्यात मी क्रम असा लावते: ज्या वर्गात आज ऐकू न येणारा विद्यार्थी बसला आहे त्याचे तास पहिले, मग जास्त पाहिले जाणारे, बाकीचे मागणीनुसार. आणि भारतीय सांकेतिक भाषा ज्याची पहिली भाषा आहे, त्याला मराठी कॅप्शन म्हणजे परभाषेतलं वाचन असू शकतं. त्याला दुभाषा लागतो, कॅप्शन त्याच्या जागी चालत नाही.

शेवटची फेरी मी स्वतः करत नाही. ज्याने तो तास ऐकलेला नाही अशा कुणाला तरी बसवते, स्पीकर बंद, हातात वही. सुरुवात, मध्य आणि शेवट इथली पाच-पाच मिनिटं बघून टिपणं काढायची. ती टिपणं घेऊन मी फळ्याशी ताडून बघते. मागच्या तासाच्या वहीत 'डेल्टा एस' असं तीनदा होतं आणि फळ्यावर तिन्ही वेळा 'डेल्टा एच'.