बोंबा मारायचा धंदा : आमची वाटचाल

“बोंबा मारायला अमेरिकेत फी देतात होय?” साल्सा नाचाबरोबर आता बोंबा हा नाचही शिकवणार, असं साताऱ्याला फोनवर सांगितलं तेव्हा आईनं विचारलं. देतात. दोनदा आठवण करावी लागते, पण देतात.

जर्सी सिटीत मी २००९ साली आले, नवऱ्याच्या नोकरीमागून. एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरदाराच्या बायकोला मिळतो त्यावर, कमवायची मुभा नव्हती, शिकायला मात्र कुणाची हरकत नव्हती. पायात बारा वर्षांचं कथक होतं आणि दुपारी घर खायला उठायचं. मग जर्नल स्क्वेअरहून पाथ ट्रेन पकडायची, नदीखालून मॅनहॅटनला जायचं आणि साल्साच्या क्लासात शेवटच्या रांगेत उभं राहायचं. सहा वर्षं हेच केलं. आमच्या माहितीपत्रकात त्याला आता ‘प्रशिक्षण’ म्हणतात.

न्यूयॉर्कवाले साल्सा दुसऱ्या मात्रेवर नाचतात. ब्रॉडवेवरच्या पॅलेडियम बॉलरूममध्ये १९५० च्या दशकात मॅम्बो हा साल्साच्या आधीचा नाच रंगायचा, त्याच घराण्यातलं हे. टिटो पुएंते यांच्या वाद्यवृंदाबरोबर नाचलेल्या एडी टोरेस यांनी ती चाल पुढे मोजणीत बसवून शिकवली. कथकवालीला हे जड जातं. जन्मभर समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, पाय आपटून टाळ्या घेतलेल्या. इथं समेला नुसतं चालायचं आणि दिशा बदलायची ती दुसऱ्या मात्रेला. पहिले चार महिने मी जोडीदारांचे बूट तुडवले.

बोंबा भेटला तो मॅनहॅटनच्याच ईस्ट हार्लेम भागात. हा नाच पोर्तो रिकोचा, उसाच्या मळ्यांवर राबलेल्या आफ्रिकी गुलामांनी घडवलेला. तिथली गुलामी १८७३ साली कायद्यानं संपली, ढोल टिकले. पूर्वी ते रमच्या पिंपांचे करायचे, वर बकऱ्याचं कातडं. एक ढोल, बुलेआदोर, ठेका धरून बसतो. दुसरा, प्रिमो, नाचणाऱ्यावर नजर लावून असतो. बाई गोलात येते, एक फेरी मारते, प्रिमोपुढे मान लववते आणि घागऱ्याला हिसका देते. त्याच क्षणी थाप पडायला हवी. खांदा उडवला, थाप. बाई थबकली, की त्यानंही थबकायचं. कथकात निदान पढंत करून, म्हणजे बोल तोंडानं म्हणून, तबलजीला आधी सांगता येतं. इथं तोंड मिटून. अंगानं विचारायचं आणि ढोलानं ओळखायचं. मी त्या रात्री परतीच्या गाडीत एकही शब्द बोलले नाही, हे नवरा अजून सांगतो.

न्यूयॉर्कच्याच ब्राँक्समध्ये मूळच्या पोर्तो रिकोतल्या लोइसा गावच्या एक आजी होत्या. सगळे त्यांना दोन्या म्हणायचे. आपण गाणाऱ्या-नाचणाऱ्या गुरूला ‘बाई’ म्हणतो, त्याच आदरानं. त्यांच्याकडे चार वर्षं गेले. शिकवायची परवानगी मागितली तर त्यांची एकच अट: स्पीकरवर नाही. ढोलवाला समोर बसलेला पाहिजे.

या अटीनं आमचा हिशेब कायमचा बिघडवला.

मे २०१५ मध्ये एच-४ वरच्या काही जणींना कामाचा परवाना मिळायला लागला, त्यात मीही. हिवाळ्यात चर्चचं तळघर भाड्यानं घेतलं, ताशी ३५ डॉलर. दोन ढोलवाल्यांचं मानधन त्याहून जास्त. विद्यार्थी पाच, त्यातली एक माझी मैत्रीण, फुकट. नवऱ्यानं एक्सेलमध्ये ‘ढोल’ नावाचा लाल रकाना केला आणि तो रकाना आजतागायत लालच आहे. तो भरून निघतो साल्साच्या क्लासवर आणि न्यू जर्सीतल्याच एडिसनकडच्या देशी लग्नांतल्या ‘संगीत’वर. तीन दिवसांत मुलीच्या मामांना ‘काहीतरी लॅटिन’ बसवून देणं ही कला आहे, आणि मला तिची अजिबात लाज वाटत नाही. मामा खूश, ढोलवाल्याचा महिना निघतो.

२०१७ मध्ये स्वतःचा गाळा घेतला आणि पहिल्याच महिन्यात घोडचूक केली. सिमेंटवर थेट लाकडी पट्ट्या चिकटवल्या. दिसायला झकास, पण खाली लवचीकपणा शून्य. आम्हा दोघी शिक्षिकांचे गुडघे वर्षभरात बोलू लागले. सगळं उखडून खाली रबर, त्यावर प्लायवुड, मग लाकूड. दोनदा पैसे गेले. नवीन गाळा घेणाऱ्यांनी रंग, आरसे नंतर बघावेत.

मार्च २०२० मध्ये कुलूप लागलं. साल्सा झूमवर कसाबसा चालला, लोक सोफ्याला धरून गिरक्या घ्यायचे. बोंबा मात्र साफ बसला. आवाज अर्धा सेकंद उशिरा पोचला की थाप हिसक्यावर पडत नाही, मागून येते. मग तो बोंबा राहतच नाही. पण जूनमध्ये लक्षात आलं की साल्साला हात धरावा लागतो, बोंबात गोलात एका वेळी एकच जण असतो. बाकीचे सहा फुटांवर उभे राहिले तरी नाचाचं काही अडत नाही. लिबर्टी स्टेट पार्कात, तोंडाला मास्क, गवतावर दोन ढोल. त्या उन्हाळ्यात दुकान तगलं ते लाल रकान्यावर. नवऱ्यानं हे मान्य केलं, रंग मात्र बदलला नाही.

आता शनिवारी बावीस जण येतात. निम्मे पोर्तो रिकन, त्यांच्या आज्यांचा नाच पुन्हा शिकायला आलेले. त्यांना मी, साताऱ्याची बाई, शिकवते याचा संकोच मला आजही वाटतो. म्हणून गाणी मी शिकवत नाही, ती त्यांच्यातलीच एक जण शिकवते.

गेल्या उन्हाळ्यात आई सहा महिने आली होती. दोन शनिवार भिंतीकडच्या खुर्चीवर स्वेटर विणत बसली. तिसऱ्या शनिवारी सुया पिशवीत घातल्या, पदर खोचला आणि गोलात येऊन चक्क मंगळागौरीच्या फुगडीची पावलं टाकली. प्रिमोवाला क्षणभर गांगरला, मग त्यानं पाऊल न पाऊल उचललं. आईनं मुद्दाम मध्येच थांबून पाहिलं. तोही थांबला.

“ऐकतो गं हा,” ती म्हणाली, आणि पुन्हा सुरू झाली.