एक बेट, तीन पुस्तकं आणि जळालेला पूल

गेल्या आठवड्यात तिसऱ्या पुस्तकाचं ९वं प्रकरण लिहीत होते, नायिका पूल ओलांडून दीपस्तंभाकडे जाते असा प्रसंग, हात छान चालला होता आणि मधेच आठवलं की अरे हा पूल तर पहिल्या पुस्तकाच्या शेवटी जळाला! पुलाची नोट उघडून बघितली तर तिच्यात पूल शाबूत. पूल जळाल्याची नोंद मी केली होती, पण ती पहिल्या पुस्तकाच्या प्रोजेक्टमधे, आणि इथे पडली होती त्याच्या आधीची कॉपी.

मी स्क्रिव्हनर या लेखनाच्या ॲपमधे लिहिते. प्रत्येक पुस्तकाला नवीन प्रोजेक्ट करायचा आणि आधीच्यातला पात्रं-ठिकाणांचा फोल्डर ओढून नव्यात टाकायचा, ही माझी पद्धत, आणि चूक तिथेच होती. असं ओढलं की कॉपी तयार होते, मग इकडे दुरुस्त केलेलं तिकडे पोचत नाही. माझ्याकडे एकाच बेटाची तीन बेटं झाली.

सरळ उपाय म्हणजे सगळी पुस्तकं एकाच प्रोजेक्टमधे घ्यायची. ड्राफ्टमधे, म्हणजे पुस्तकाचा मजकूर असतो त्या मुख्य फोल्डरमधे, प्रत्येक पुस्तकाचा एक फोल्डर आणि कथेच्या जगाच्या नोट्स ड्राफ्टच्या बाहेर, कारण कंपाइल (सगळे तुकडे जोडून एक फाइल करणं) फक्त ड्राफ्टमधलंच होतं, शिवाय कंपाइल करताना हवा तो एकच फोल्डर निवडता येतो. 'दीपस्तंभ' सर्च केलं की तिन्ही पुस्तकांतले उल्लेख समोर, हे सुख फार मोठं आहे. एकच कथा पुढे जाणारी मालिका असेल तर मी हेच सुचवेन.

माझी पुस्तकं तशी नाहीत. बेट एक, पण पहिल्या आणि तिसऱ्या पुस्तकात १०० वर्षांचं अंतर, माणसं वेगळी, गावांची नावंसुद्धा बदललेली. म्हणून जगाच्या सगळ्या नोट्स मी ऑब्सिडियन या नोट्सच्या ॲपमधे हलवल्या. तिथे प्रत्येक नोट म्हणजे मार्कडाउनमधली, म्हणजे साध्या मजकुराची फाइल, कुठल्याही एडिटरमधे उघडते, उद्या ॲप बदललं तरी लिहिलेलं आपल्याकडे राहतं. एका गावाची जुनी-नवी दोन्ही नावं एकाच नोटला टोपणनावं म्हणून देता येतात, आणि बॅकलिंक, म्हणजे त्या नोटकडे येणाऱ्या लिंक, बघितल्या की कळतं त्या गावाचा उल्लेख कुठल्या कुठल्या नोट्समधे आहे. स्क्रिव्हनरमधे आता जगाची एकही नोट नाही, प्रकरणाच्या बुकमार्कमधे ऑब्सिडियनच्या नोटची लिंक टाकते, बस.

पण खरं सांगू का, ॲप बदलून निम्मंच काम झालं, नोट लिहायची पद्धत बदलली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. आधी मी लिहायचे 'पूल लाकडी आहे', जसं काही तो कायम तसाच राहणार. आता प्रत्येक वाक्यापुढे काळ लिहिते, आणि ते कुठल्या पुस्तकात कुठल्या प्रकरणात आलंय तेही. त्यात परत दोन प्रकार, पक्कं आणि कच्चं. वाचकाच्या हातात गेलंय ते पक्कं, त्याला हात लावायचा नाही, आणि माझ्या डोक्यात ठरलंय पण अजून कुठे आलं नाही ते कच्चं, ते मी कधीही बदलू शकते. हे दोन्ही एकत्र असले की मी स्वतःला उगाचच बांधून घेते, कितीतरी चांगल्या कल्पना मी अशा 'हे तर आधीच ठरलंय' म्हणून सोडल्यात आणि नंतर कळलं की ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

अजून एक, पात्राचं म्हणणं आणि जगातलं सत्य वेगळं ठेवायचं. पहिल्या पुस्तकातली आजी म्हणते की या बेटावर कधी भूकंप झालाच नाही. ही तिची समजूत आहे. मी ती नोटमधे जशीच्या तशी उतरवली होती आणि दुसऱ्या पुस्तकाचं अख्खं कथानक त्यावरून अडलं होतं! आता तिथे लिहिलंय 'आजीच्या मते'.

जुन्या नोट्स लावायला चार रविवार गेले, अजून नकाशे बाकी आहेत. ९वं प्रकरण नव्याने लिहिलं. नायिका आता होडीने जाते, जळक्या खांबांच्या मधून, आणि तिला तिथे काय झालं होतं हे माहीत नाही पण वाचकाला माहीत आहे, त्यामुळे प्रसंग आधीपेक्षा कितीतरी भारी झालाय. पुलाच्या नोटमधे लगेच एक ओळ वाढवली: खांब अजून उभे, पुस्तक ३, प्रकरण ९, कच्चं.