पीक सापडला की मागे या

आमच्या सड्यावर मॉडेल विमानं उडवणाऱ्यांत एक वाद कायम चालतो, टॅकोमीटर (प्रॉप, म्हणजे पुढचा पंखा, मिनिटाला किती फेरे घेतो तो आकडा, आरपीएम, दाखवणारं यंत्र) कशाला पाहिजे, कानाला कळतं ना. कळतं, नाही असं नाही, पण ग्लो इंजिन (मेथनॉलवर चालणारं या विमानांचं छोटं इंजिन) पाच मिनिटं कानाशी कोकललं की कानच बधीर होतो, मग दोन-तीनशे आरपीएमचा फरक त्याला कुठला कळायला!

माझं ४६ साइजचं (०.४६ घन इंचाचं) इंजिन, ११ बाय ६ चा प्रॉप (११ इंच व्यास, ६ इंच पिच). गरम होऊ द्यायचं, फुल थ्रॉटल, आणि प्रॉपच्या मागे उभं राहून हाय स्पीड नीडल (फुल थ्रॉटलला फ्युएल किती जाईल ते ठरवणारा स्क्रू) एकेक क्लिक आत, म्हणजे फ्युएल कमी कमी. (प्रॉपच्या रेषेत उभं राहायचं नाही, पातं तुटलं तर ते तिथेच येतं.) आकडा चढतो, ११,२००, ११,४००, ११,५००, अजून एक क्लिक दिली तरी ११,५००च. हा पीक, म्हणजे सगळ्यात वरचा आकडा. पुढे गेलात की पडायला लागतो. बरेच जण इथेच खूश होऊन फोटो काढतात आणि ग्रुपवर टाकतात. अरे बाबांनो, तेल फ्युएलमध्येच मिसळलेलं असतं, मिक्श्चर लीन केलं, म्हणजे फ्युएल कमी केलं, की तेल पण कमी झालं, शिवाय वर गेल्यावर प्रॉपवरचा लोड उतरतो, आरपीएम वाढतो आणि जमिनीवर जेमतेम पुरणारं फ्युएल तिथे कमी पडतं. म्हणून पीकवरून नीडल उलटी फिरवून तीनेकशे खाली यायचं. मग कोणाला तरी विमान नाक वर करून धरायला सांगायचं, आकडा जरासा वाढला तर बरोबर, पडला तर अजून रिच करा, म्हणजे फ्युएल वाढवा.

एकदा लावलं की झालं, असंही नाही. डिसेंबरच्या थंड सकाळी लावलेली नीडल मे महिन्यात रिच वाटते, कारण गरम दमट हवेत ऑक्सिजनच कमी. चोर्ला घाट चढून बेळगावला गेलात तर तेच, ते साधारण ७५० मीटरवर, हवा विरळ. आणि मेथनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, तेव्हा पावसाळ्यात झाकण सैल राहिलेला डबा वापरून नीडलला शिव्या देऊ नका.

टॅको स्वतः बरोबर दाखवतो की नाही, ते घरीच कळतं. टॅको पात्यांमुळे होणारी उजेडाची उघडझाप मोजतो, तेव्हा तो जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटसमोर धरा. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, म्हणजे दोन पात्यांच्या सेटिंगवर ३००० यायला पाहिजे, तीनवर २०००. एलईडीवर ही ट्रिक बहुतेक चालत नाही, आणि आता घरोघर एलईडीच, म्हणून एक जुनी ट्यूब मी पडवीत मुद्दाम ठेवलीय, घरच्यांनी दोनदा काढायला लावली तरी.

आयडलला, म्हणजे थ्रॉटल अगदी खाली असताना, मी २,३००च्या आसपास ठेवतो, त्याखाली लँडिंगला इंजिन बंद पडायची भीती, आणि वर ठेवलं तर विमान खाली उतरायलाच तयार होत नाही.