भारतनेटची केबल गावात आली, मग नेट का येत नाही?

भारतनेट म्हणजे ग्रामपंचायतींपर्यंत फायबरने, म्हणजे प्रकाश वाहणाऱ्या काचेच्या तारेने, नेट नेणारी सरकारी योजना. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तिची पेटी आहे, पण नेट नाही. तक्रार करण्याआधी पेटीवरचे दिवे नीट बघा. एकही दिवा पेटत नसेल तर दोष विजेचा. अ‍ॅडॉप्टर निघालेला असतो किंवा बॅटरी संपलेली असते. 'लॉस'चा लाल दिवा लुकलुकत असेल तर तालुक्यावरून येणारा प्रकाशच पोचत नाही, म्हणजे फायबर कुठेतरी तुटली आहे किंवा फार वाकली आहे. 'पॉन'चा, म्हणजे तालुक्याच्या यंत्राशी जोडणी दाखवणारा, दिवा हिरवा आणि स्थिर असूनही नेट नसेल, तर गावापर्यंतची केबल चांगली आहे, बिघाड बहुधा तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये किंवा त्याच्याही पुढे शोधावा लागेल. तक्रारीत नुसतं 'नेट बंद आहे' लिहू नका. कोणता दिवा, कधीपासून, त्या दिवशी रस्त्याला खोदकाम कुठे चाललं होतं, हे लिहिलंत तर लाइनमनचा एक हेलपाटा वाचतो.

भारतनेटची योजना २५ ऑक्टोबर २०११ला मंजूर झाली, तेव्हा नाव होतं नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना प्रत्येकी १०० एमबीपीएस, असं उद्दिष्ट होतं. 'भारतनेट' हे नाव २०१५चं. पहिल्या टप्प्यात बीएसएनएल, रेलटेल आणि पॉवरग्रिडची आधीच पडलेली फायबर जमेल तिथवर वापरायची आणि उरलेल्या अंतरातच नवी टाकायची, असं ठरलं. खर्च वाचला, पण जुन्या केबलचे जोड आणि तिचं आयुष्यही नव्या जाळ्याच्या गळ्यात पडलं.

तंत्र जीपॉनचं, म्हणजे एका फायबरमधला प्रकाश अनेक गावांत वाटायचं. तालुक्याला प्रकाश सोडणारं यंत्र, ओएलटी; वाटेत तो वाटणारा स्प्लिटर; पंचायतीत तो घेणारी पेटी, ओएनटी. प्रकाशाचा हिशेब सोपा आहे. समजा अंतर १२ किलोमीटर. किलोमीटरला ०.३५ डीबी (प्रकाशाची घट मोजायचं एकक) धरले तर घट ४.२. एकाचे आठ भाग करणाऱ्या १:८ स्प्लिटरची साधारण १०.५. सहा जोड, प्रत्येकी ०.१, म्हणजे ०.६. चार कनेक्टरचे मिळून २. बेरीज १७.३ डीबी. नेहमीच्या बी प्लस वर्गाच्या यंत्रणेला २८ डीबीपर्यंत घट चालते, म्हणजे हाताशी जवळपास ११ डीबी राहतात. ओएलटीने ३ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं एकक) सोडले तर ओएनटीवर उणे १४च्या आसपास दिसायला हवेत. तिथे उणे २६ दिसत असतील तर नेट चालू असलं तरी निर्धास्त राहू नका. उणे २७ ही ओएनटीची शेवटची हद्द.

असा दोष ओटीडीआरवर, म्हणजे फायबरमध्ये प्रकाश सोडून घट कुठे होते ते दाखवणाऱ्या यंत्रावर, शोधताना १३१० आणि १५५० नॅनोमीटर या दोन्ही तरंगलांबींवर ट्रेस (घटीचा आलेख) घ्यावा. एकाच ठिकाणी १५५०वर घट ठळकपणे जास्त दिसली तर केबल वाकली किंवा दबली आहे, दोन्ही तरंगलांबींवर जवळपास सारखी असेल तर जोड कच्चा आहे. हे न बघता खड्डे खणत सुटलं की एका दोषाचे तीन होतात.

केबल तुटते ती मुख्यतः जेसीबीने: रस्त्याचं रुंदीकरण, पाण्याची पाइपलाइन, गटार. डक्ट, म्हणजे केबल जाते तो पाइप, १.६५ मीटर खोल हवा. जिथे खडक लागला म्हणून वरच टाकला, तिथे जीआय पाइप किंवा काँक्रीटचं संरक्षण नसेल तर पहिल्याच खोदकामात जातो. खोदणाऱ्याने आधी कळवावं म्हणून मार्च २०२३पासून 'कॉल बिफोर यू डिग' हे अ‍ॅप आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या कामाच्या कंत्राटातच त्याची अट घालावी.

एका सरळ रेषेतल्या जाळ्यात एक घाव बसला की पुढची सगळी गावं अंधारात जातात. म्हणूनच ४ ऑगस्ट २०२३ला मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात रिंग आली: एका बाजूने तुटलं तर दुसऱ्या बाजूने वाहतूक फिरते. त्यात १० वर्षांची देखभालही धरली आहे, आणि मला खरा बदल तोच वाटतो. मात्र रिंगच्या दोन्ही बाजू एकाच चरातून नेल्या तर ती रिंग कागदावरच राहते, जेसीबीचा एक फावडा दोन्ही तोडतो. काम ताब्यात घेताना दोन्ही मार्गांचा नकाशा मागा, ते वेगळ्या रस्त्यांनी येतात का हे चालत जाऊन बघा आणि प्रत्येक फायबरचा ट्रेस पंचायतीच्या दप्तरात ठेवा. पुढे केबल तुटली की तुलनेला तोच लागतो.