खाऱ्या वाऱ्यात हेलिकॉप्टर

मुलीच्या वाढदिवसाला आणलेलं हेलिकॉप्टर गावच्या पहिल्याच उड्डाणात माडावर जाऊन बसलं. रत्नागिरीजवळचं आमचं घर, मे महिना, दुपारचे चार. एकावर एक दोन पंखे असलेलं, जेमतेम ४० ग्रॅमचं खेळणं. पुण्याच्या हॉलमध्ये ते इतकं शहाण्यासारखं उडायचं की खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात सोडताना वारा माझ्या डोक्यातच आला नाही. कौलांच्या वर गेलं आणि ते माझं राहिलंच नाही. नाक समुद्राकडे, रिमोटची दांडी पुढे दाबलेली, आणि हेलिकॉप्टर मात्र मागे मागे चाललेलं. ‘‘बाबा, खाली घे ना!’’ मी घाबरून थ्रॉटल (पंख्यांचा वेग) आणखी वाढवलं.

नारळ पाडायला येणाऱ्या काकांनी दुसऱ्या दिवशी ते झावळ्यांतून काढून दिलं. ‘‘पुढच्या वेळी तयार नारळ असलेल्या माडावर पाठवा, म्हणजे माझी फेरी फुकट जायची नाही.’’

चूक वाऱ्याची नव्हती. या दुपंखी खेळण्यात दोन्ही पंखे उलटसुलट फिरतात, म्हणून ते गरगरत नाही आणि नवशिक्यालाही जमतं. पण पुढे जायला त्याच्याकडे काय, तर शेपटीवरचा एक चिमुकला आडवा पंखा. तो शेपूट उचलतो, नाक जरासं झुकतं आणि ते माणसाच्या चालीनं सरकतं. झाडाची पानं सळसळू लागली म्हणजे वारा ताशी ६ ते ११ किलोमीटरचा असतो. हिशोब इथेच संपला. आडवं सरकणं तर त्याला येतच नाही. वर रिमोट इन्फ्रारेडचा, लख्ख उन्हात तो निम्मा आंधळा.

मग एकाच मोठ्या पंख्याचं, चार चॅनलचं, म्हणजे रिमोटवरून चार वेगळ्या हालचाली करणारं घेतलं. हे चारही बाजूंना झुकतं, म्हणजे वाऱ्यावर रेलून जागेवर उभं राहू शकतं. राहू शकतं, मला ते यायला पंधरा दिवस आणि पंख्यांचे तीन जोड लागले.

शाळेत घोकलेले खारे वारे आणि मतलई वारे इतक्या वर्षांनी कामी आले. रात्रीचा मतलई वारा सकाळी पडतो, जमीन तापली की खारा सुरू होतो. मधली तास-दोन तासांची शांतता आमची. कट्ट्यावर उदबत्ती खोचायची. धूर सरळ वर गेला तरच बॅटरी लावायची.

खळ्यापेक्षा सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार बरं, हे मात्र उशिरा कळलं. सड्यावर वारा जास्त, पण एका दिशेचा. खळ्यात तो घराला वळसा घालून येतो आणि आडोशाच्या बाजूला भोवरे करतो. भिंतीपासून दोन हातांवर स्थिर असलेलं हेलिकॉप्टर कोणी वरून दाबल्यासारखं फरशीवर आदळलं, तेव्हा मी अर्धा तास रिमोट उघडून तपासत बसलो होतो.

सड्यावरची खोड वेगळी. समोरून वारा लागला की पंख्याला ताजी हवा मिळते, त्याच थ्रॉटलवर ते आपोआप वर चढतं. झुळूक गेली की तेवढंच खाली. म्हणून बोट थ्रॉटलवर सतत हलतं ठेवावं लागतं, पण अगदी इवलंसं. वाऱ्याला पाठ करून हळू हळू वळवलं तर उचल अचानक जाते. माझे तीनही जोड असेच गेले. शिवाय वारा शेपटीला ढकलून नाक स्वतःकडेच वळवतो, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या वातकुक्कुटासारखं. त्याच्याशी भांडण्यापेक्षा नाक वाऱ्याकडे राहू द्यावं.

सगळ्यात महाग धडा परतीचा. बॅटरी पाच-सहा मिनिटांची. आधी वाऱ्यासोबत लांब जायचं आणि मग उलट यायचं, तर येताना ती दम सोडते. आता मी आधी वाऱ्याकडे तोंड करून जातो. परतताना तोच वारा घरी सोडतो.

आई म्हणते, उदबत्ती देवापुढे लावतात, हेलिकॉप्टरपुढे नाही. काल सकाळी साडेआठलाच धूर पूर्वेकडे वाकला. मुलीनं न सांगता बॅटरी पिशवीत ठेवली आणि तोंड वाकडं करून आंबे खायला गेली.