‘निवांत उतार’ आणि माझा उजवा गुडघा

पाच दिवसांच्या डोंगरवाटेतले पहिले चार दिवस मजेत गेले, त्यावर काय लिहायचं? पाचव्या दिवसाबद्दल मात्र लिहायलाच हवं. वाटाड्या म्हणाला होता, ‘उद्या नुसतं उतरायचंय, निवांत.’ सलग १४०० मीटर उतार आणि निवांत!

तासाभरात उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सुरी खुपसल्यासारखं होऊ लागलं. मध्ये छोटा चढ आला की दुखणं गायब, बसलं की गायब, पुन्हा उतार लागला की हजर. गटातल्या एका जाणकाराने ‘लिगामेंट गेलं’ असं जाहीर करून क्रेप बँडेज करकचून आवळलं. काडीचाही उपयोग झाला नाही.

खाली आल्यावर डॉक्टरांनी गुडघ्याला हातही न लावता एमआरआय लिहून दिला. त्यात मेनिस्कसची, म्हणजे गुडघ्यातल्या गादीची, कड फाटलेली निघाली, तीही आतल्या बाजूची! दुखत होतं बाहेर. तरी थेट ऑपरेशनचीच भाषा. चाळिशी-पन्नाशीनंतर अशी फाटलेली गादी काही न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही सर्रास दिसते, हे मला कोणी सांगितलंच नाही. पैसे पाण्यात.

शेवटी एका फिजिओथेरपिस्टने उताणं झोपवून गुडघा काटकोनात दुमडला, सांध्याच्या फटीच्या जरा वर बाहेरच्या हाडावर अंगठा दाबून धरला आणि पाय हळूहळू सरळ केला. साधारण ३० अंशांचा वाक उरला तेव्हा मी ओरडलो. निदान झालं: आयटी बँड, म्हणजे मांडीच्या बाहेरून गुडघ्याखाली उतरणारा पट्टा. उतरताना पाऊल टेकलं की गुडघा जवळपास तेवढाच वाकतो आणि पट्टा नेमका तिथे हाडावर दाबला जातो.

म्हणून वाटेत दुखलं तर आधी एका बोटाने जागा दाखवा. वाटीभोवती, उतरताना आणि बराच वेळ बसल्यावर दुखत असेल तर बहुधा वाटीचंच. पाय पिळवटला, हळूहळू सूज चढली, गुडघा मध्येच अडकतोय, तर गादीचा संशय घ्या. ‘कट्’ आवाज होऊन दोन तासांत गुडघा टम्म फुगला तर लिगामेंट. तिथे चालत उतरण्याचा हट्ट नको. पडल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील किंवा गुडघा काटकोनात वाकत नसेल, तर एक्स-रे हवाच. सांधा गरम, लाल आणि सोबत ताप असेल, तर ट्रेक विसरा आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

माझं ऑपरेशन टळलं. कुशीवर झोपून पाय वर उचलण्याचा कंटाळवाणा व्यायाम सहा आठवडे केला, तेवढ्यावर भागलं. आणि हो, काठ्या खऱ्या उताराला लागतात. माझ्या त्या दिवशी सॅकला बांधलेल्याच होत्या.